वाचकांचे प्रश्न : ब्रिटनचा राजा हटवावा की ठेवावा?

मागच्या अंकात ब्रिटनचे राजे तिसरे चार्ल्स यांच्यावर एक छोटे टिपण आले होते. ‘राजाच्या हातात काहीच उरलेले नाही, मग तो ठेवायचा कशाला?’ असे त्याचे शेवटचे वाक्य होते. त्यावर बेळगाव, निपाणी, खानापूर, अथणी भागातून बरीच पत्रे आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत. जिथे आमचे मत आहे तिथे ते लपवलेले नाही.

राजाच्या हातात खरोखरच काही नाही का? मग सही नाकारली तर काय होईल? (निपाणी)

संसदेने मंजूर केलेल्या विधेयकाला राजाची संमती लागते. ती नाकारण्याचा शेवटचा प्रसंग १७०८ चा. राणी ॲन यांनी स्कॉटलंडच्या लोकसेनेचे विधेयक अडवले, तेही मंत्र्यांच्याच सल्ल्याने. त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षांत असे घडलेले नाही. आज एखाद्या राजाने सही नाकारली तर ते राजेशाहीच्या शेवटाचे पहिले पाऊल ठरेल, हे राजवाड्यालाही ठाऊक आहे.

तरी ‘काहीच नाही’ हे विधान बरोबर नाही. राजाच्या नावाचे अधिकार जिवंत आहेत, फक्त ते पंतप्रधान वापरतो. करार करणे, सैन्य पाठवणे, नेमणुका, संसदेचे अधिवेशन संस्थगित करणे, हे सगळे ‘राजाचे विशेषाधिकार’ म्हणून चालते. ऑगस्ट २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी संसद सुमारे पाच आठवडे बंद ठेवण्याचा सल्ला दिला आणि राणी एलिझाबेथ यांनी तो मान्य केला. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने तो निर्णय बेकायदा ठरवला. राजा हा घटनेचा राखणदार आहे असे सांगणाऱ्यांनी या प्रसंगाचे उत्तर द्यायला हवे. राखण केली ती न्यायालयाने.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. एखाद्या विधेयकाचा परिणाम राजाच्या विशेषाधिकारांवर, मालमत्तेवर किंवा लँकेस्टर (राजाची) आणि कॉर्नवॉल (युवराजाची) या दोन जहागिरींवर होणार असेल, तर ते संसदेत मंजूर होण्याच्या आधीच राजाची, कॉर्नवॉलसाठी युवराजाची, वेगळी पूर्वसंमती घ्यावी लागते. ही शेवटच्या सहीपेक्षा निराळी. १९९९ मध्ये इराकवर हल्ला करण्याआधी संसदेची मंजुरी बंधनकारक करणारे एक खाजगी विधेयक आले होते. सरकारच्या सल्ल्यावरून ही पूर्वसंमती नाकारली गेली आणि विधेयक चर्चेपर्यंतही पोचले नाही. म्हणजे राजाचे दार सरकारने आपल्या सोयीसाठी बंद करून घेतले. राजेशाहीविरुद्ध बोलायचे तर इथून बोलावे, सोन्याच्या बग्गीवरून नव्हे.

आम्ही कापडाचे व्यापारी. हिशेब नीट सांगा. राजा देशाला महाग पडतो की फायद्यात? (शहापूर, बेळगाव)

हिशेब दोन्ही बाजूंनी चुकीचा मांडला जातो, म्हणून थोडे सविस्तर.

राजाला सरकारकडून मिळणारी मुख्य रक्कम म्हणजे ‘सॉव्हरिन ग्रँट’. २०११ च्या कायद्याने ती एप्रिल २०१२ पासून सुरू झाली. ती ठरते ‘क्राउन इस्टेट’च्या दोन वर्षांपूर्वीच्या नफ्याच्या टक्केवारीवर. क्राउन इस्टेट म्हणजे लंडनमधील मोक्याच्या इमारती, शेतजमिनी, आणि इंग्लंड, वेल्स, उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचा समुद्रतळ. सुरुवातीला टक्का १५ होता. बकिंगहॅम राजवाड्याची जुनी वायरिंग, नळ आणि हीटिंग बदलण्यासाठी दहा वर्षांचे ३६.९ कोटी पाउंडांचे काम काढले, तेव्हा २०१७-१८ पासून तो २५ केला. २०२४-२५ पासून १२ वर आणला.

टक्का अर्ध्याहून कमी झाला, तर रक्कमही कमी व्हायला हवी ना? झाले उलट. २०२४-२५ चे अनुदान ८.६३ कोटी पाउंड होते, २०२५-२६ चे १३.२१ कोटी झाले. कारण समुद्रातील पवनचक्क्यांसाठी समुद्रतळ भाड्याने देण्यातून इस्टेटचा नफा २०२३-२४ मध्ये सुमारे ११० कोटींवर गेला. ११० कोटींचे १२ टक्के काढा, आकडा जुळतो. राजवाड्याचा खर्च आणि पवनचक्क्या यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण सूत्र तसे आहे. शिवाय अनुदान मागच्या वर्षापेक्षा खाली येऊ नये अशीही तरतूद त्याच कायद्यात आहे. कुठल्या दुकानाच्या भागीदारीपत्रात असे कलम कोणी घालून देईल का?

आता समर्थकांची चूक. ‘राजा ११० कोटी देतो आणि १३ कोटी घेतो, म्हणजे देश फायद्यात’ असे ते सांगतात. क्राउन इस्टेट राजाची खाजगी मालमत्ता नाही. ती ‘क्राउन’ची, म्हणजे पदाची आहे. राजा ती विकू शकत नाही, मुलाबाळांना वाटून देऊ शकत नाही. १७६० मध्ये तिसऱ्या जॉर्जने तिचे उत्पन्न संसदेला दिले आणि बदल्यात ठरावीक नेमणूक घेतली, हे खरे. पण त्याआधी त्याच उत्पन्नातून मुलकी कारभाराचा खर्च राजालाच भागवावा लागे. ते ओझेही त्याच वेळी उतरले. राजेशाही गेली तर ही मालमत्ता राजघराणे घरी घेऊन जाईल, या भीतीला कायद्याचा आधार नाही. बालमोरल आणि सँडरिंगहॅम मात्र खाजगी आहेत, ती त्यांच्याकडेच राहतील.

विरोधकांची चूक अशी की ते सगळा भर या अनुदानावर देतात. १३ कोटी पाउंड लोकसंख्येने भागले तर माणशी दोन पाउंडांच्या आत येतात. एवढ्यावर कोणी राज्यघटना बदलत नाही. खरे खर्च त्या आकड्याबाहेर आहेत. पोलीस बंदोबस्ताचा आकडा जाहीरच होत नाही. लँकेस्टर जहागिरीचे उत्पन्न राजाला आणि कॉर्नवॉल जहागिरीचे युवराजाला मिळते, प्रत्येकी वर्षाला दोन कोटी पाउंडांहून अधिक. राजा आणि युवराज प्राप्तिकर भरतात, पण स्वेच्छेने, १९९३ च्या समझोत्यानुसार. एका राजाकडून पुढच्या राजाकडे जाणाऱ्या संपत्तीवर वारसा कर नाही, इतरांना तो ४० टक्के पडतो. हे सगळे धरून ‘रिपब्लिक’ ही राजेशाहीविरोधी संघटना वर्षाला ५१ कोटी पाउंड खर्च सांगते. तो त्यांचा अंदाज आहे, सरकारी आकडा नव्हे.

पर्यटनाचे म्हणाल तर व्हर्सायचा राजवाडा पाहायला आजही झुंबड असते आणि तिथे दोनशे वर्षांहून अधिक काळ कोणी राजा राहत नाही. व्यापाऱ्याच्या नजरेने बघितले तर नफातोट्याचा मुद्दा दोन्ही बाजूंनी सोडून द्यावा असाच आहे.

कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत ‘रद्द करावी’ या बाजूने पाच मिनिटे बोलायचे आहे. कशापासून सुरुवात करू? (विद्यार्थिनी, टिळकवाडी)

खर्चापासून करू नका, वर कारण दिले आहे. समोरचा ‘माणशी दोन पाउंड’ म्हणेल आणि टाळ्या त्याला पडतील.

पहिली दोन मिनिटे गुप्ततेला द्या. ब्रिटनच्या माहिती अधिकार कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली आणि राजा, युवराज व त्यानंतरचा वारस यांच्याशी झालेला सरकारचा पत्रव्यवहार पूर्णपणे कायद्याबाहेर गेला. त्याआधी चार्ल्स युवराज असताना मंत्र्यांना लिहीत असलेली पत्रे उघड व्हावीत म्हणून एका वृत्तपत्राला दहा वर्षे झगडावे लागले, २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला तेव्हा ती बाहेर आली. प्रिन्स फिलिप यांचे मृत्युपत्र २०२१ मध्ये न्यायालयाने ९० वर्षांसाठी मोहोरबंद केले. सामान्य माणसाचे मृत्युपत्र तिथे थोडी फी भरून कोणालाही वाचता येते. आपल्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज सगळ्यांना परिचयाचा आहे, त्यामुळे हा मुद्दा श्रोत्यांना लगेच पटेल.

नंतर पूर्वसंमती आणि १९९९ चे उदाहरण, एक मिनिट. मग जन्माचा आणि धर्माचा निकष. २०१३ च्या कायद्याने मुलगा-मुलगी भेद काढला, कॅथलिकाशी लग्न करण्याची बंदी काढली. पण राजा स्वतः कॅथलिक चालत नाही, तो चर्च ऑफ इंग्लंडचाच असावा लागतो. दत्तक मूल वारस होऊ शकत नाही. हे वाक्य बेळगावात बोला, लोक कान टवकारतील. १८२४ मध्ये कित्तूरचा दत्तक कंपनी सरकारने नामंजूर केला, तिथून राणी चन्नम्मांचा लढा पेटला, हे इथे शाळकरी पोरांनाही पाठ असते.

शेवटचे मिनिट राखून ठेवा प्रतिपक्षासाठी. तो नॉर्वे, डेन्मार्क, जपानची नावे घेईल आणि ‘राजा असलेले देश किती सुरळीत चालतात’ असे विचारेल. त्यावर ‘आयर्लंड, फिनलंड, जर्मनीत राजा नाही, तेही चालतात’ एवढे उत्तर पुरते. लोकमताचा मुद्दा आला तर प्रामाणिक राहा. जनमत चाचण्यांत ‘ठेवावी’ म्हणणारे सहसा जास्त असतात, तरुणांत मात्र हे प्रमाण बरेच कमी आहे. खोटा आकडा फेकू नका, परीक्षक पकडतात.

समजा ब्रिटिशांनी ठरवलेच, तर राजेशाही रद्द कशी करतील? लिखित राज्यघटनाच नाही ना त्यांची? (कायद्याचा विद्यार्थी, खानापूर)

लिखित एकसंध घटना नाही म्हणूनच एका बाजूने सोपे, दुसरीकडून गुंता.

सोपे असे की साध्या बहुमताचा संसदेचा कायदा पुरतो. आपल्यासारखी दोन-तृतीयांशाची अट नाही. लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहाने अडवले तर १९११ आणि १९४९ च्या कायद्यांनुसार ते साधारण वर्षभर लांबवू शकते, रोखू शकत नाही. सार्वमत कायद्याने सक्तीचे नाही, पण २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतानंतर एवढा मोठा बदल सार्वमताशिवाय करण्याचे धाडस कोणी करणार नाही. क्रम असा राहील: निवडणूक जाहीरनाम्यात वचन, सार्वमताचा कायदा, निवडणूक आयोगाकडून प्रश्नाच्या शब्दांची तपासणी, मतदान, मग मुख्य कायदा. या विधेयकाला राजाची पूर्वसंमती आणि शेवटी सहीही लागेल. राजाला आपल्याच निरोपाच्या कागदावर सही करावी लागेल. आठव्या एडवर्डने डिसेंबर १९३६ मध्ये स्वतःच्या पदत्यागाच्या कायद्याला अशीच संमती दिली होती.

आता गुंता. हजारो कायद्यांत, खटल्यांच्या नावांत, खासदारांच्या शपथेत, लष्करी अधिकाऱ्यांच्या नेमणूकपत्रांत, पासपोर्टवर ‘क्राउन’ आहे. बेवारस मालमत्ताही क्राउनकडे जाते. लँकेस्टरच्या हद्दीत ती त्या जहागिरीकडे, कॉर्नवॉलमध्ये युवराजाच्या जहागिरीकडे. प्रत्येक ठिकाणी त्या जागी कोण, हे लिहावे लागेल. हे आपण करून दाखवले आहे. १५ ऑगस्ट १९४७ नंतरही सहावा जॉर्ज भारताचा राजा होता. ‘सम्राट’ ही पदवी जून १९४८ मध्ये गेली. एप्रिल १९४९ च्या लंडन घोषणेने प्रजासत्ताक असूनही राष्ट्रकुलात राहण्याची वाट निघाली. ऑक्टोबर १९४९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाकडे, जाणारी अपिले थांबली. मग २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली आणि तिच्या कलम ३९५ ने स्वातंत्र्याचा कायदा आणि १९३५ चा कायदा रद्द केला. कलम ३७२ ने जुने कायदे चालू ठेवले, २९४ ने मालमत्ता व देणी वर्ग केली, २९६ ने बेवारस मालमत्ता सरकारकडे वळवली. तुमच्या अभ्यासक्रमात ही कलमे रुक्ष वाटतात, पण राजा हटवण्याचे खरे काम तिथे झाले. अडीच वर्षे लागली.

ब्रिटनची जास्तीची अडचण बाहेरची आहे. ब्रिटनशिवाय आणखी चौदा देशांचा राजा तोच आहे आणि कायद्याने प्रत्येकाचा ‘क्राउन’ वेगळा. ऑस्ट्रेलियाच्या घटना कायद्यात ‘युनायटेड किंगडमच्या गादीवरील वारस’ असा उल्लेख आहे. गादीच नसेल तर तिथे वकिलांची चांदी. कॅनडात हे पद बदलायला सगळ्या प्रांतांची एकमुखी संमती लागते. बार्बाडोसने ३० नोव्हेंबर २०२१ ला संसदेतल्या घटनादुरुस्तीने राजेशाही संपवली, कारण तिथे सार्वमताची अट नव्हती. सेंट व्हिन्सेंटमध्ये होती, २००९ मध्ये प्रस्ताव पडला.

आणि एकदा ब्रिटनने हे करून पाहिलेले आहे. ३० जानेवारी १६४९ ला पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला, १७ मार्चला राजपद कायद्याने रद्द केले. पण राजाचे अधिकार पुढे कोणी, कोणत्या मर्यादेत वापरायचे हे पक्के ठरले नव्हते. संसदेच्या सैन्याचा सेनापती क्रॉमवेल ‘संरक्षक’ झाला, त्याच्यानंतर त्याचा मुलगा त्या जागी बसला, आणि १६६० मध्ये लोकांनी जुन्या राजाच्या मुलालाच परत आणले.

राजा नको, तर मग कोण? राष्ट्रपती झाला तर तोही पक्षाचाच माणूस नाही का? (येळ्ळूर)

राजेशाहीच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा हाच, आणि कर्नाटकात राहून तो हसण्यावारी नेता येत नाही. एप्रिल १९८९ मध्ये राज्यपालांच्या अहवालावरून एस. आर. बोम्मई यांचे सरकार विधानसभेत बहुमत सिद्ध करू न देता बरखास्त झाले. बहुमत सभागृहातच तपासावे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले मार्च १९९४ मध्ये. राजाला हटवून त्याचे सगळे ढोबळ अधिकार राष्ट्रप्रमुखाला तसेच दिले की हे घडते. ऑस्ट्रेलियात तर राजाच्या नावानेच घडले: नोव्हेंबर १९७५ मध्ये गव्हर्नर जनरलने निवडून आलेल्या पंतप्रधानाला काढले.

निवडीच्या दोन पद्धती आहेत. आयर्लंडमध्ये राष्ट्राध्यक्ष थेट जनता निवडते, सात वर्षांसाठी, जास्तीत जास्त दोनदा, आणि त्याला अधिकार अगदी मोजके. आपल्याकडे आमदार-खासदार निवडतात. १९७१ च्या लोकसंख्येवर मताचे मूल्य ठरते, म्हणून बेळगावच्या आमदाराचे मत १३१ चे आणि पलीकडे कोल्हापूरच्या आमदाराचे १७५ चे. ऑस्ट्रेलियातले १९९९ चे सार्वमत याच प्रश्नावर फुटले. राजा नको असणाऱ्यांतच थेट निवडणूक हवी की संसदेने निवडावे यावर दोन तट पडले आणि सुमारे ५५ टक्के मते विरोधात गेली. ‘काय नको’ यावर एकमत होते, ‘काय हवे’ यावर नव्हते.

आमचे मत विचाराल तर ब्रिटनने राजपद रद्द करावे, पण आधी स्वीडनच्या वाटेने जावे. स्वीडनने १९७४ च्या राज्यघटनेत राजाचे सगळे अधिकार काढले. पंतप्रधानाचे नाव तिथे संसदेचा सभापती सुचवतो, कायद्यावर राजाची सही लागत नाही. ब्रिटनने संसद संस्थगित करणे, युद्ध, करार, सरकार स्थापना हे सगळे लेखी कायद्यात बांधावे, पूर्वसंमती रद्द करावी, माहिती अधिकारातली सूट काढावी. हे काम केल्याशिवाय राजा हटवला तर पंतप्रधान आणखी बलवान होईल. ते केल्यावर राजा राहिला काय, गेला काय, फारसा फरक पडणार नाही, आणि तेव्हा त्याला निरोप देणे सोपे.

राजेशाही गेली तर जगदंबा तलवार, वाघनखे आणि कोहिनूर परत मिळतील का? (चिक्कोडी, अथणी)

तिन्हींची उत्तरे वेगळी.

वाघनखांचा राजाशी संबंध नाही. ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाची. १९८३ च्या कायद्याने त्या संग्रहालयाला वस्तू कायमच्या देऊन टाकण्यावर कडक बंधने आहेत, म्हणून जुलै २०२४ मध्ये ती साताऱ्याला आली ती मुदतीच्या उसनवारीवर. ती शिवछत्रपतींचीच, असा ठाम दावा संग्रहालयही करत नाही.

जगदंबा म्हणून ओळखली जाणारी तलवार मात्र ‘रॉयल कलेक्शन’मध्ये आहे. १८७५-७६ च्या दौऱ्यात तेव्हाच्या युवराजाला ती कोल्हापूरकडून भेट गेली. हा संग्रह राजा विश्वस्त म्हणून, पुढच्या राजांसाठी आणि राष्ट्रासाठी सांभाळतो. राजपद गेले तर तो बहुधा एखाद्या राष्ट्रीय विश्वस्त मंडळाकडे जाईल. मागणी तेव्हा राजवाड्याऐवजी त्या मंडळाकडे करावी लागेल, आणि ‘ती भेट होती’ हे उत्तर तेव्हाही मिळेल. कोहिनूर लाहोरच्या १८४९ च्या तहाने गेला, आज राजमाता एलिझाबेथ (राणी एलिझाबेथ यांच्या आई) यांच्या १९३७ च्या मुकुटात आहे. मे २०२३ च्या राज्याभिषेकात तो मुकुट वापरला नाही, वाद टाळण्यासाठी असे म्हणतात. त्यावर पाकिस्तानही हक्क सांगतो, तेव्हा राजा गेला तरी तो मोकळा होणार नाही.

आमच्याकडे पणजोबांच्या इनामाची सनद आहे, तिच्यावर ब्रिटिश सरकारचा शिक्का आहे. तिकडे राजा गेला तर ती रद्द होईल का? (बैलहोंगल)

नाही. त्या राजाचा इथल्या जमिनीशी संबंध १९५० लाच संपला. पण सनद आज हक्काचा पुरावा म्हणून पुरेशीही नाही. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे इथे मुंबईचे कायदे लागले. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, वैयक्तिक इनामे १९५२ च्या कायद्याने. पाटीलकीसारखी गावकी वतने पुढे कर्नाटकच्या १९६१ च्या कायद्याने रद्द झाली. जमीन कोणाच्या नावे पुन्हा मंजूर झाली, हे पाहायला तहसीलदार कचेरीतून चालू उतारा आणि त्या वर्षांतले फेरफार काढा. गट नंबर बदललेला असेल तर जुना सर्व्हे नंबर सनदेवर मिळेल, अर्जात तोही लिहा. सनदेची मूळ प्रत कोणाला देऊ नका, झेरॉक्स द्या.